मदत हवी आहे: 16 डिसेंबरच्या आकाशदर्शनाची नोंदणी ठेवावी की रद्द करावी?

पाचवा मजला | 12 डिसेंबर 2023, सकाळी 9.40

नमस्कार. एका हौशी खगोल संस्थेच्या 'उल्कावर्षाव आणि धूमकेतू दर्शन' या रात्रभराच्या कार्यक्रमासाठी मी येत्या शनिवारी चार जणांची नोंदणी केली आहे आणि पैसेही भरले आहेत. काल वर्तमानपत्रात वाचले की उल्कावर्षाव 14 तारखेला आहे. असे असेल तर 16 तारखेला आम्ही नेमके काय पाहणार आहोत? संस्थेकडे विचारणा केली असता 'आकाश छान दिसेल' एवढेच उत्तर मिळाले. नोंदणी रद्द करायची असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे लागते, त्यानंतर पैसे परत मिळत नाहीत. शनिवारी उल्का दिसतील की नाही, आणि दाखवला जाणारा धूमकेतू कोणता, या दोनच प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. 'निसर्गाचा आनंद घ्या' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

सह्यवाट | सकाळी 10.05

नोंदणी सरळ रद्द करा आणि गुरुवारी रात्री वांगणीला जा. बदलापूरच्या पुढचेच स्थानक आहे, लोकलने जाता येते आणि मुंबई-ठाण्याच्या कित्येकांनी पहिली उल्का तिथल्याच शेतात पाहिली आहे. पुनर्वसूचे दोन तारे ओळखता आले की झाले, या आठवड्यातल्या वर्षावाच्या, म्हणजे मिथुन राशीच्या उल्का तिथूनच फाकताना दिसतात. त्यासाठी पैसे भरून कोणाच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

जुना दूरदर्शी | सकाळी 10.30

सह्यवाट, वांगणीला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची वांगणी आता राहिलेली नाही. बदलापूरच्या बाजूचे अर्धे आकाश दिव्यांनी उजळलेले असते आणि त्या क्षितिजावर तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा फिका) तारा शोधायलाही कष्ट पडतात. 1986 साली हॅलेचा धूमकेतू आम्ही तिथूनच पाहिला होता, त्या वेळी गोष्ट निराळी होती. योगायोग असा की तोच हॅले गेल्या शनिवारी, 9 डिसेंबरला, सूर्यापासूनच्या आपल्या सर्वांत दूरच्या बिंदूपाशी, नेपच्यूनच्या कक्षेच्याही पलीकडे पोहोचला आणि आता 2061 साठी परतीच्या वाटेला लागला आहे.

धागाकर्त्यांनी शहर सांगितलेले नाही, कार्यक्रमाची जागा सांगितलेली नाही आणि बरोबर कोण आहे तेही सांगितलेले नाही. त्याशिवाय उत्तर कसे द्यावे? उल्का म्हणजे धूमकेतूच्या शेपटीतून मागे राहिलेले कण असतात, त्यामुळे त्या एकाच रात्रीत संपत नाहीत, इतके मात्र सांगू शकतो.

पाचवा मजला | सकाळी 11.15

आम्ही डोंबिवलीला राहतो. कार्यक्रम कर्जतच्या पुढे एका शेतघरावर आहे. बरोबर पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि माझे वडील आहेत. वांगणीबद्दल मी विचारले नव्हते.

कणाद | सकाळी 11.40

जुना दूरदर्शी यांच्या प्रतिसादात एक दुरुस्ती आवश्यक आहे. पर्सिड्स आणि लिओनिड्स या दुसऱ्या उल्कावर्षावांच्या बाबतीत अनुक्रमे स्विफ्ट-टटल आणि टेम्पल-टटल हे धूमकेतू जनक आहेत हे खरे, परंतु या आठवड्यातल्या मिथुनेच्या वर्षावाचा जनक फेथॉन हा लघुग्रह आहे. 1983 साली आयरास या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाने तो शोधला आणि त्याची कक्षा मिथुनेच्या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे लगेचच लक्षात आले. तो दीड वर्षाच्या आत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो. धूमकेतूसारखी झुपकेदार शेपटी त्याला नाही.

जुना दूरदर्शी | दुपारी 12.10

जनक धूमकेतू असो वा लघुग्रह, आकाशाखाली उताणे पडलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? शिवाय फेथॉन हा सगळे बर्फ उडून गेलेला जुना धूमकेतूच असावा असे मानणारेही शास्त्रज्ञ आहेत.

कणाद | दुपारी 12.25

फरक पडतो. मिथुनेचे कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, तर लिओनिड्स सेकंदाला 71 किलोमीटरने. त्यामुळे मिथुनेची उल्का संथ दिसते, आणि 'ती बघ' म्हणेपर्यंत शेजारच्याची मानही वळते. मुलांना दाखवायला दुसरा कोणताही वर्षाव इतका सोयीचा नाही. पर्सिड्स ऑगस्टच्या मध्यावर येतात, तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग असतात.

अंशकोन | दुपारी 1.00

मूळ प्रश्नाकडे येऊ. यंदा वर्षावाचे शिखर जागतिक वेळेनुसार 14 डिसेंबरला 19 वाजताच्या सुमारास अपेक्षित आहे, म्हणजे आपल्या घड्याळात गुरुवार मध्यरात्र उलटून शुक्रवारचे साडेबारा. भारतासाठी इतकी सोयीची वेळ क्वचितच येते. उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून फाकताना दिसतात ती जागा, पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो, साडेबाराला साधारण 60 अंशांवर असतो आणि पहाटे अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. आज रात्री उलटल्यावर, पहाटे अमावास्या आहे, त्यामुळे गुरुवारची कोवळी कोर संध्याकाळीच मावळेल.

वर्तमानपत्रे 'तासाला 150 उल्का' असे छापतात. हा आकडा झेडएचआर, म्हणजे आदर्श आकाशातला ताशी दर, आहे. उगमबिंदू थेट डोक्यावर आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसणारे निर्दोष आकाश गृहीत धरून तो काढलेला असतो. पाचव्या प्रतीपर्यंतच तारे दिसत असतील, आणि कर्जतच्या पुढे बरी रात्र असेल तर तेवढे दिसावेत, तर त्याच सूत्राने गुरुवारी मध्यरात्री तासाला तीसच्या आसपास उल्का येतात. डोंबिवलीच्या गच्चीवरून साडेतीन प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असे धरले तर सात-आठ.

आता शनिवार. हा वर्षाव शिखराकडे हळूहळू चढतो आणि शिखरानंतर मात्र झपाट्याने कोसळतो. दोन रात्रींनंतर अंधाऱ्या जागीही तासाला मोजक्याच मिथुनी उल्का हाती लागतील. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की उल्का दिसतील, पण 'वर्षाव' म्हणावा असे काही दिसणार नाही.

चित्रवेडा | दुपारी 1.20

कॅमेऱ्याला 14 मिलिमीटरची रुंद लेन्स, एफ 2.8, आयएसओ 3200 आणि 20 सेकंदांचे उघडझाप लावून इंटर्व्हलोमीटरवर रात्रभर सोडून द्या. तिपाई जड घ्या. उगमबिंदूवर थेट रोख धरू नका, कारण तिथे रेघा आखूड येतात. त्यापासून 40-50 अंश बाजूला रोखल्यास लांब रेघा मिळतात.

पाचवा मजला | दुपारी 1.45

माझ्याकडे कॅमेरा नाही.

अंशकोन, धन्यवाद, पहिले थेट उत्तर मिळाले. म्हणजे रद्दच करावे ना? धूमकेतूबद्दल अजून कोणीच काही सांगितलेले नाही.

अंशकोन | दुपारी 2.05

धूमकेतूचे उत्तर कार्यक्रम किती वाजता सुरू होतो यावर अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेले नाही.

पाचवा मजला | दुपारी 2.10

जेवण साडेआठला, दुर्बिणी साडेनऊपासून, पहाटे पाचला समारोप. पण धूमकेतूचा वेळेशी काय संबंध? तो तर महिनोनमहिने आकाशात असतो ना?

अंशकोन | दुपारी 2.35

सध्या आपल्याकडून मध्यम दुर्बिणीतून दिसावेत असे दोन धूमकेतू आहेत. पहिला पॉन्स-ब्रूक्स. जुलैपासून त्याचे तेज अनेकदा अचानक उसळले आणि शिंगे फुटल्यासारखा आकार दिसला म्हणून माध्यमांनी त्याला 'सैतानी धूमकेतू' करून टाकले. तो सध्या अभिजित ताऱ्याच्या परिसरात आहे. संध्याकाळी अंधार पडला की वायव्येला तासाभरापुरता मिळतो आणि पावणेनऊ-नऊपर्यंत मावळतो. तुम्ही साडेनऊला दुर्बिणीपाशी जाल तेव्हा तो गेलेला असेल.

दुसरा 62पी, म्हणजे 1965 साली चीनमध्ये शोधला गेलेला त्सुचिनशान. तो 25 डिसेंबरला सूर्याजवळून जातो आहे, सिंह राशीत आहे, मध्यरात्रीच्या थोडा आधी उगवतो आणि दोननंतर नीट पाहण्याइतका वर येतो. शनिवारी तुम्हाला दाखवला गेला तर हाच, आणि तोही रात्री दोन वाजता जागे असाल तर. दोघेही आठव्या-नवव्या प्रतीचे आहेत, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे.

तिघांची आई | दुपारी 3.00

आठ वर्षांची मुलगी रात्री दोनपर्यंत जागणार नाही, हे अनुभवाने सांगते. तिला अकराला झोपवून दोनला उठवण्याची तयारी ठेवा, म्हणजे दोन पांघरुणे आणि अंगाखाली घालायला प्लॅस्टिकचा कागद न्या, कारण डिसेंबरात दव सतरंजीतून वर येते. कानटोपी आणि पायमोजे विसरू नका. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की पुन्हा अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटे जातात आणि आजूबाजूचे लोक रागावतात. वडिलांच्या दृष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही.

पाचवा मजला | दुपारी 3.30

वडिलांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. त्यांना दुर्बिणीतून दिसेल का? 1986 साली ते नोकरीनिमित्त परगावी होते आणि हॅले पाहायचा राहून गेला, म्हणून ही नोंदणी मुख्यतः त्यांच्या हट्टाखातर केली आहे.

जुना दूरदर्शी | दुपारी 4.05

हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते, साहेब. वडिलांना आधीच नीट समजावून सांगा की नवव्या प्रतीचा धूमकेतू म्हणजे शेपटीचा पिसारा नव्हे. भिंगात एक पुसट, राखाडी डाग दिसतो, आणि तोही थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवल्यावर उमटतो. नवख्या माणसाला 'दिसला' म्हणायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि मागच्या रांगेची चुळबुळ तेवढ्यात सुरू होते. तुम्ही रांगेच्या शेवटी उभे राहा, म्हणजे घाई होत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यानेच पाहायला सांगा. लांबचा चष्मा असल्यास तो काढून भिंगाची चकती फिरवून घेता येते, दुर्बिणीजवळचा स्वयंसेवक ते करून देतो.

1997 चा हेल-बॉप मी घराच्या खिडकीतून पाहिला होता. तशी अपेक्षा घेऊन कोणी गेले तर रात्रभर चिडचिड होते.

सह्यवाट | दुपारी 4.20

म्हणूनच म्हणतो की दुर्बिणीचा नादच नको. गुरुवारी वांगणी नको असेल तर माळशेजच्या बाजूला जा, तिथे अंधार चांगला आहे. उल्का पाहायला फक्त डोळे लागतात.

मांडवीकाठ | दुपारी 4.50

सह्यवाट यांचे म्हणणे उल्कांपुरते योग्य आहे आणि धूमकेतूपुरते चुकीचे. मी पणजीचा. जुंता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेत शाळकरी वयात जात असे. भर शहरातल्या त्या गच्चीवरून शनीची कडी आणि गुरूचे चंद्र असे दिसत की आजही डोळ्यांसमोर आहेत, पण उल्का पाहायला तिथे कोणी येत नसे. दुर्बीण आकाशाचा नखाएवढा तुकडा दाखवते आणि उल्का कुठेही पडते. एकाच रात्रीच्या जाहिरातीत दोन्ही घातले की लोक दुर्बिणीला डोळा लावून उल्केची वाट बघतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

त्यामुळे धागाकर्त्यांनी या दोन गोष्टींची फारकत करावी. शनिवार वडिलांसाठी आणि दुर्बिणीसाठी ठेवावा. त्या रात्री चंद्रकोर साडेनऊच्या आत-बाहेर मावळेल, शनी साडेदहापर्यंत पश्चिमेला मिळेल, गुरू उंच असेल आणि मृगातला तेजोमेघ तर मोतीबिंदूवाल्यालाही दिसावा इतका ठळक आहे. उल्का मात्र गुरुवारी, जमेल तिथून.

पाचवा मजला | सायंकाळी 5.15

गुरुवारी बाहेर जाणे शक्य नाही. शुक्रवारी सकाळी मुलीची घटक चाचणी आहे आणि आमच्याकडे गाडीही नाही.

तिघांची आई | सायंकाळी 5.25

एवढी एक गोष्ट सकाळीच लिहिली असती तर वांगणी आणि माळशेज दोन्ही वाचले असते. चाचणी किती वाजता आहे?

पाचवा मजला | सायंकाळी 5.30

अकरा वाजता. दुपारच्या सत्राची शाळा आहे.

अंशकोन | सायंकाळी 5.50

मग अडचण कसली? गुरुवारी रात्री साडेनऊ ते अकरा इमारतीच्या गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाने रस्त्याचे दिवे झाकले जातील अशी जागा शोधा आणि ईशान्येकडे पाय करून झोपा. उगमबिंदू तेव्हा 20 ते 40 अंशांवर असेल, त्यामुळे शहरातून तासाला चार-पाचच मिळतील, पण उगमबिंदू खाली असताना येणाऱ्या उल्का आकाशभर लांब रेघ ओढतात. मुलीला अकराला झोपवा आणि तुम्ही स्वतः साडेबाराला पुन्हा वर जा.

शनिवारची नोंदणी ठेवा. मात्र उद्या संस्थेला 'आकाश कसे असेल' असे विचारू नका. '62पी दाखवणार आहात का, कोणत्या दुर्बिणीतून आणि किती वाजता' असे विचारा. दुर्बीण सहा इंचांहून लहान आहे किंवा धूमकेतूचे निश्चित नाही असे उत्तर आले, तर वडिलांच्या दृष्टीने कार्यक्रमात राम नाही, तेव्हा खुशाल रद्द करा.

पाचवा मजला | 13 डिसेंबर, दुपारी 12.20

आज सकाळी अंशकोन यांच्या शब्दांत विचारले. दहा इंची दुर्बीण आहे, 62पी यादीत आहे आणि पहाटे अडीचला दाखवणार आहेत. पॉन्स-ब्रूक्ससाठी ज्यांना लवकर यायचे आहे त्यांना सातला प्रवेश देऊ, असेही त्यांनी आपणहून सांगितले. नोंदणी ठेवली आहे. वडील सातलाच जायचे म्हणत आहेत. गच्चीच्या किल्लीसाठी सोसायटीच्या सचिवांना अर्ज दिला आहे, कारण रात्री दहानंतर गच्ची बंद करण्याचा ठराव आहे.

सह्यवाट | दुपारी 12.45

सातला पोहोचायचे तर डोंबिवलीहून साडेचारच्या आत कर्जत लोकल पकडा. नंतरच्या गाड्यांना वडिलांना उभेही राहता येणार नाही.

चित्रवेडा | दुपारी 1.10

सचिवांनी परवानगी दिली नाही तर जिन्यावरच्या खिडकीतून मोबाइलवरही प्रयत्न करता येईल. मोबाइल कोणता आहे?