चिकट गोळ्यापासून पाणघोड्यापर्यंत सगळेच हिरो? अवकाशी प्रजातींवरून जरा भांडू या

जुना_फासा (धागाकर्ता)

आमचं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ) जुनं कॅम्पेन, म्हणजे लांबलचक कथानक, संपलं, नवं अवकाशात करायचं ठरलं. सेटिंग, म्हणजे खेळाचं जग, स्पेलजॅमर, २०२२ ची आवृत्ती. जादूवर चालणारी गलबतं, ताऱ्यांमधली बंदरं, सगळं मला आवडण्यासारखं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. पाच खेळाडू कॅरेक्टर घेऊन आले: एक प्लाझमॉइड (बोलणारा चिकट गोळा), एक ऑटोग्नोम (चावीच्या खेळण्यासारखा यांत्रिक बुटका), एक थ्री-क्रीन (चार हातांचा, माणसाएवढा कीटक), एक हॅडोझी (हातापायांत पडदे असलेलं माकड) आणि एक गिफ, म्हणजे बंदूकवाला पाणघोडा. माणूस एकही नाही. एल्फही नाही.

ही वरात पहिल्या बंदरावर उतरली आणि कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. कारण बंदरावर सगळे तसेच! विचित्र कुणी विचित्र वाटायला आजूबाजूला चार साधी माणसं लागतात. गावात आलेल्या एका ऑर्कमुळे (फँटसीतला दांडगा राक्षसी योद्धा) माझी चार-चार सेशन्स रंगलेली आहेत. इथे पाच चमत्कार एका बाकावर बसले आणि गप्पा झाल्या त्या कुणाला कसला बोनस मिळतो याच्या.

त्यात तीन पुस्तकांचा संच, प्रत्येक पुस्तक ६४ पानांचं. सहा नव्या प्रजाती, जहाजं, राक्षस आणि एक साहस, सगळं एवढ्यात कोंबलेलं. कुणाच्याच वाट्याला धड घर-दार नाही. बरं, जहाज दिवसाला १० कोटी मैल जातं, म्हणजे एखादी जागा नाही आवडली तर पुढच्या जगात. कोण कशाला रुजणार?

माझं मत: नवी प्रजात म्हणजे बहुतेक वेळा नवा पोशाख. आत बसलेला खेळाडू तोच.

निळा_गोळा

वर उल्लेख झालेला चिकट गोळा मीच.

पोशाख म्हणता, मग तुरुंगाचं सेशन विसरलात का? दाराखाली इंचभर फट होती. नियम सांगतो की प्लाझमॉइड इंचभर फटीतून जाऊ शकतो, पण अंगावर किंवा हातात काहीही नसताना. मी तलवार ठेवली, चिलखत ठेवलं, एवढ्या खटपटीनं चोरलेलं पत्रही ठेवलं आणि पलीकडे गेले. समोर पहारेकरी. माझ्याकडे काय, तर अंगातून काढलेला एक लांब हात. त्यानं दार उघडता येतं, बारीक वस्तू उचलता येते, पण हल्ला करता येत नाही आणि दहा पौंडांपेक्षा जास्त वजनही पेलत नाही. दहा मिनिटं टेबलावर कुणी बोललं नव्हतं. शेवटी मी बादलीत शिरून बसले आणि पहारेकऱ्यानं ती बादली स्वतः उचलून किल्ल्यांच्या खोलीत नेली.

हे बुटक्या ड्वार्फनं करून दाखवावं.

जुना_फासा

बादली मान्य. पण ती करामत अंगाची झाली. तो गोळा आहे कोण, त्याला राग कशाचा येतो, त्याची माणसं (गोळे?) कुठे असतात, हे आजवर ना मला कळलंय ना तुला.

पोथीवाला

"पूर्वी असं नव्हतं" हा सूर लागला की मला राहवत नाही. पूर्वी असंच होतं. १९७४ च्या अगदी पहिल्या डी अँड डीत एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट दिलेच आहेत, पण खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल असंही तिथेच लिहिलंय. अट एवढीच की सुरुवात दुबळेपणानं करायची. उदाहरण चक्क ड्रॅगनचं आहे: ड्रॅगन व्हायचंय ना, मग लहान ड्रॅगनपासून सुरू करा.

अवकाशाचंही तेच. १९७५ च्या ब्लॅकमूर पुरवणीतल्या बेडकांच्या देवळात परग्रहावरची यंत्रं आहेत. १९८० साली गॅरी गायगॅक्सचं (डी अँड डीचा सहनिर्माता) एक साहस आलं, त्यातली अंधारकोठडी म्हणजे कोसळलेलं अवकाशयान. जेफ ग्रबचं मूळ स्पेलजॅमर १९८९ चं. 'शुद्ध फँटसी' नावाची वस्तू या खेळात कधी होती ते मला कुणी तरी दाखवा.

जुना_फासा

कोसळलेलं यान हा पाहुणा असतो. जग तेच राहतं आणि त्यात एक अचंबा येऊन पडतो. माझी तक्रार पाहुण्यांबद्दल नाही. घरात यजमानच उरला नाही, ही आहे.

सम_विषम

जुना_फासा यांना +१, पण कारण वेगळं. अवकाशाला कशाला दोष देता? २०२० च्या 'ताशा' नावाच्या नियमपुस्तकानं प्रजातीचे स्टॅट-बोनस (ताकद, चपळाई अशा आकड्यांत मिळणारी वाढ) हवे तिथे हलवायची मुभा दिली. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाडूंचं मूळ नियमपुस्तक) 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आलं आणि बोनस थेट बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला, जोडले. शब्द बदलला ते उत्तम झालं, मला तो जुना शब्द टेबलावर म्हणायलाही अवघड व्हायचं. पण हिशेबात प्रजातीचं वजन घटलं हे खरंच.

खुर्चीत_अडकलेला

वजन घटलंय असं वाटत असेल तर जहाजावरची हवा मोजा. बहुतेक टेबलांवर हा नियम कुणी वापरत नाही, आणि मग सगळे सारखेच वाटतात.

जहाज स्वतःभोवती हवेचं कवच घेऊन फिरतं. ती हवा १२० दिवस ताजी, पुढचे १२० दिवस खराब. खराब हवेत श्वास घेणारा प्रत्येक जण 'पॉइझन्ड', म्हणजे हल्ल्याला आणि बाकी कौशल्याच्या तपासण्यांना डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा). त्यानंतर ती हवा जीवघेणीच.

आमचं जहाज असंच भरकटलं. श्वास न लागणारा एकच होता, ऑटोग्नोम. चार जण खोकतायत, पाचवा ठणठणीत. वाटलं, सुटलो! पण जहाज चालतं ते जादूच्या खुर्चीवर, तिथे स्पेलकास्टरच (मंत्र टाकू शकणारा) बसावा लागतो आणि आमचा ऑटोग्नोम होता फायटर, नुसता लढवय्या. म्हणजे ज्याला हवा लागत नाही त्याला जहाज चालवता येत नाही, आणि ज्याला चालवता येतं (मी) तो आधी मरणार. ऑटोग्नोम तीन रात्री माझ्या खुर्चीशेजारी उभा होता आणि मला झोप लागू नये म्हणून जहाजावरचे खिळे मोठ्यानं मोजत होता. त्याच्या घराण्याचा इतिहास कुणी विचारला नाही. गरजही पडली नाही.

(जाता जाता: १९८९ च्या नियमांत खुर्चीत बसलं की जादूगाराचे त्या दिवसाचे सगळे मंत्र जायचे. २०२२ मध्ये ती किंमत काढून टाकली. माझ्या मते ही चूक. आम्ही जुनाच नियम चालवतो.)

जुना_फासा

खिळे मोजणारा ऑटोग्नोम... हे मला डीएम म्हणून सुचायला हवं होतं. हवा मोजलीच नाही मी. कटकट वाटली.

तरी एक सोडत नाही. नियमातून प्रसंग निघाला, पण एखादी प्रजात वाचतानाच "अरे, हा असा विचार करणार" असं वाटायला नको?

पोथीवाला

मग २०१७ चं स्टारफाइंडर उघडा, तोही असाच अवकाशातला खेळ. त्यातले शिरेन हे कीटक. सगळं गिळत जाणाऱ्या एका झुंडीचा ते भाग होते, तिच्यातून फुटून निघाले. झुंडीत स्वतःचा निर्णय नसतोच, त्यामुळे आता निवड करण्यातच त्यांना सुख लागतं, जवळजवळ व्यसनासारखं. बस. खानावळीत "काय घेणार?" एवढं विचारलं तरी शिरेनचा प्रसंग तयार. दोन ओळींत प्रजात उभी राहते, पानं कमी पडली ही सबब नको.

हॅडोझीचा_मालक

प्रत्येकाला इतिहास द्या म्हणणाऱ्यांनी माझ्या माकडाचं काय झालं तेही बघावं. २०२२ च्या पुस्तकात हॅडोझींना इतिहास होता: एका जादूगारानं त्यांना पकडलं, औषध पाजून हुशार केलं, सैन्य म्हणून विकायचा बेत आखला, आणि सुटका केली ती त्याच्याच शिष्यांनी. माकडासारखी प्रजात, गुलामगिरी आणि मुक्तिदाते बाहेरचे! वाचणाऱ्यांना ते कशाची (कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीची) आठवण करून देतंय हे लगेच कळलं. गदारोळ झाला, सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीनं माफी मागून तो मजकूर काढला.

मला विचाराल तर त्यानंतरचा रिकामा हॅडोझी जास्त बरा. माझा दोरखंडांचा जाणकार आहे आणि शिडाच्या गाठीवरून माणसाची पारख करतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

सम_विषम

म्हणजे घर खेळाडूनंच बांधायचं. मग पुस्तक विकत कशाला घ्यायचं?

निळा_गोळा

बादलीसाठी.

जुना_फासा

ठीक. पुढच्या सेशनपासून हवा मोजणार, रोज, वहीत. खुर्चीचा जुना नियमही आणतोय, ओरडू नका. आणि प्रत्येकानं आपल्या प्रजातीची एकच सवय लिहून आणायची, अंगाची नाही, स्वभावाची. पुस्तकात एका प्रजातीची तशी सोय आयतीच आहे म्हणा: गिफ लोकांत आपल्याच नावाचा उच्चार 'ग' नं करायचा की 'ज' नं, यावरून दोन तट आहेत. मी तो भाग विनोद समजून सोडून दिला होता.

बंदरावर माणसांची एक वस्तीही टाकतोय. तिथे तुमच्याकडे टक लावून बघतील.

बारूदखाना

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. 'जिफ' आहे ते. अथपासून इतिपर्यंत सगळ्यांनी चुकीचं लिहिलंय, आणि माझं कॅरेक्टर पुढच्या सेशनला या अपमानाचा जाब विचारणार आहे.