थायरॉईड काढल्यानंतरची गोळी आणि वजन : तुमचे अनुभव लिहा

ज्यांची थायरॉईड ऑपरेशन करून काढली आहे, त्यांच्यासाठी हा धागा. माझी गाठ कॅन्सरची नव्हती, पण वाढत वाढत श्वासनलिकेवर दाबायला लागली आणि सर्जननी पूर्ण ग्रंथीच काढली, म्हणून तिचं हार्मोन, थायरॉक्सिन, आता रोज गोळीतून घेते. ऑपरेशन छान झालं, गळ्यावरचा व्रण आता शोधावा लागतो. वजन मात्र हळूहळू चढतंय, आणि रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, "टीएसएच तर उत्तम आहे." (टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं मेंदूतलं हार्मोन; थायरॉक्सिन कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की उतरतं.) मग वजन वाढतंय कशाने? गोळी कधी घेता, तिच्याभोवती चहा, नाश्ता, बाकीची औषधं कशी बसवता, वजनाचं काय केलंत, सगळं लिहा. एकच विनंती, दुसऱ्याला डोस सुचवू नका. माझा ११२ मायक्रोग्रॅम आणि तुमचा ७५, यांची तुलना करून कुणाच्याच हाती काही लागत नाही.

* * *

चांगला धागा. मला ग्रेव्हज होता, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करायची. ऑपरेशनच्या आधी दिवसभर चरायचे आणि तरी कपडे सैल होत जायचे. हात थरथरायचे, झोप उडालेली, नाडी शंभरच्या वर. पण "काय मस्त बारीक झालीस" ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! ग्रंथी काढली, गोळी सुरू झाली आणि गेलेलं वजन परत आलं, वर थोडं व्याजही घेऊन. नातेवाइकांचं निदान तयारच होतं: "थायरॉईड काढली ना, आता जाड होणारच."

माझ्या एंडोक्राइनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) बाईंनी जुनी फाइल मागे मागे चाळत आजारापूर्वीच्या एका तपासणीचा कागद काढला. त्यावरच्या वजनाखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे तुमचं वजन. मधलं होतं ते आजाराचं." त्या आकड्यापासून मी फार लांब नव्हतेच. पण एवढं कळल्याने कपडे काही बसायला लागत नाहीत. शरीराची मागणी उतरली तरी ताटातलं माप आजारातलंच राहिलं होतं, ते खाली आणायला बराच काळ गेला. आजारात स्नायूही झडतात, म्हणून त्यांनी नुसतं चालणं न सांगता वजनं उचलायला लावली. काट्यावर फरक थोडा पडला, कमरेवर जास्त. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, ते थांबलं. मला विचाराल तर खरा फायदा तोच.

* * *

मी रात्री घेते. सकाळी घरात सगळ्यांची धावपळ, त्यात अर्धा-पाऊण तास उपाशी थांबणं जमेना. डॉक्टरांना विचारून झोपताना सुरू केली, जेवणानंतर किमान तीन तासांनी. रिपोर्ट आधीपेक्षा स्थिर येतात. रात्री उशिरा काहीबाही तोंडात टाकायची सवयही सुटली, कारण खाल्लं की गोळी पुढे ढकलावी लागते. वजनाला झाली असेल तर त्याचीच मदत झाली.

* * *

कॅल्शियमबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर काही दिवस, क्वचित कायमचं, कॅल्शियम खाली जातं. मला दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटं वाकडी होऊन आखडली. मला वाटलं सलाइनमुळे हात अवघडला असेल. नर्सनी ओठांचं ऐकलं आणि लगेच रक्त घेतलं. हे होऊ शकतं एवढं आधी सांगितलं असतं तर घाबरगुंडी उडाली नसती.

तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मागे लागलं, आणि घोळ तिथून सुरू झाला. कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. दोन्हींत चार तास अंतर हवं. लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांचंही तेच. माझं सध्या असं चालतं: उठल्याबरोबर थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. दोन डब्या दोन खोल्यांत ठेवल्यात. बायको हसते, पण गोळ्यांची अदलाबदल होत नाही.

* * *

माझी अर्धीच काढली आहे. उरलेली अर्धी काम सांभाळते, त्यामुळे गोळी लागली नाही, टीएसएच मात्र नियमित बघावं लागतं. अर्धी काढलेल्या बऱ्याच जणांना पुढे गोळी लागते असं सर्जन म्हणाले. वजन? आधीही जास्त होतं, आताही आहे. थायरॉईडवर ढकलता येत नाही.

* * *

कॅन्सरवाल्यांचं गणित थोडं निराळं असतं. माझा पॅपिलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर होता. उरल्यासुरल्या पेशींना टीएसएचने चेव येऊ नये म्हणून तो मुद्दाम खाली दाबून ठेवतात, धोका जास्त असेल तर ०.१ च्याही आत. म्हणजे मी शरीराच्या गरजेपेक्षा जरा जास्तच थायरॉक्सिन घेत होतो. आता गंमत ऐका. लोकांना वाटतं, डोस वाढला की चरबी वितळेल. माझं किलोभरही उतरलं नाही. भूक वाढली, रात्री छातीत धडधड, आणि घरच्यांवर चिडचिड एवढी की मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची गोळी बदलून घ्या." जास्तीच्या डोसने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं विरळ होतात, म्हणून डॉक्टर ईसीजी आणि हाडांची घनता बघत राहिले. पुढे थायरोग्लोब्युलिनचे (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन, पेशी उरल्यात का ते त्यावरून बघतात) रिपोर्ट स्वच्छ येत गेले तसा डोस उतरवला. आता टीएसएच ०.५ ते २ च्या मध्ये असतो आणि मी माणसात आहे. "वजनासाठी जरा वाढवून द्या ना" असं डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्यांनी माझ्याशी दहा मिनिटं बोलावं.

उरलेल्या थायरॉईड पेशी मारायला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलं, त्याआधी टीएसएच वाढावा म्हणून काही आठवडे गोळी बंद होती, तो काळ वेगळाच. अंगठी निघेना, आवाज घोगरा, वाक्य अर्ध्यावर विसरायचो. काटा भराभर चढला. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर त्यातलं बरंचसं आपोआप उतरलं, कारण ती चरबी नव्हती, अंगात साठलेलं पाणी आणि मीठ होतं. हल्ली काही जणांना गोळी बंद न करता इंजेक्शन देऊन हे जमवतात. तुमच्या बाबतीत चालेल का, हे जरूर विचारा.

* * *

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, शिवाय स्वतःचीही थायरॉईड काढलेली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. मायक्रोग्रॅममधलं औषध आहे, जरासा फरकही रक्तात दिसतो. गोळी ऊन, दमट हवा आणि उष्णता यांपासून लांब ठेवा. सगळ्यात जास्त घोळ केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या व्हिटॅमिनने होतो. ते तपासणीच्या काही पद्धतींना फसवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी४ (म्हणजे थायरॉक्सिनच) खोटा जास्त दिसू शकतो. मग चांगला बसलेला डोस उगाच कमी केला जातो आणि बाई पुन्हा सुस्त. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद.

एखादी गोळी चुकली तर घाबरू नका. थायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायला साधारण आठवडा घेतं. आणि त्याच कारणाने डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत निकाल मागू नका.

* * *

मी जरा वेगळा सूर लावते. टीएसएच छान, खाणं मोजून, रोज व्यायाम, सगळं करून वजन तिथेच आहे. "तुम्ही लपून खात असाल" हा चेहरा मी डॉक्टरांचाही पाहिलाय. थायरॉईडच्या कमतरतेने वाढणारं वजन सहसा दोन ते साडेचार किलोच असतं, हे मीही वाचलंय. माझं त्याहून बरंच जास्त आहे, मग उरलेलं कशाने? वय, पाळी थांबणं, झोप, सुटलेला व्यायाम, सगळं एकाच सुमारास आलं, आता वेगळं कसं काढणार? थायरॉक्सिनला टी३ची (थायरॉईडचं दुसरं हार्मोन) गोळी जोडून पाहिली. धडधडीने हैराण झाले, सोडली. ओळखीतल्या एकीला मात्र तिनेच तरतरी आली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉईड बाजूला ठेवून साखर आणि झोपेतला श्वास तपासला, तेव्हा घोरण्यामागे स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं) निघाला. उपचार चालू आहेत. वजनाचं सांगण्यासारखं झालं की लिहीन.

* * *

गर्भारपणाबद्दल थोडक्यात. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. डोस साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो, तोही अगदी सुरुवातीलाच. बाळंतपणानंतर माझा पुन्हा जुन्यावर आणला.

* * *

धागाकर्तीकडून: सगळ्यांचे आभार. कॅल्शियम आणि बायोटिन, दोन्ही माझ्या यादीत आहेत, आणि दोन्हींबद्दल मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवते. एक शंका राहिली: तपासणीच्या सकाळी गोळी घ्यायची की नाही?

* * *

मी रक्त देऊन झाल्यावर घेते. गोळी घेतल्यावर काही तास टी४ वर जातो, टीएसएचला त्याने फारसा फरक पडत नाही. उपाशी असायलाच हवं असं नाही, पण दर वेळी साधारण त्याच वेळेला जा. टीएसएच पहाटेकडे जास्त आणि दुपारी कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तीनला दिलंत तर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळणार नाही.