बदल केलेल्या १९७२ च्या जॅझ बासची रास्त किंमत कशी ठरवावी?

खर्ज_आणि_ठेका

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि येथील एका हौशी वाद्यवृंदात बास गिटार वाजवतो. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातील एक निवृत्त वादक आपला १९७२ चा फेंडर कंपनीचा जॅझ बास (बास गिटारचा एक प्रकार) विकत आहेत. तो घ्यावा असे मनात आहे, परंतु वाद्य मूळ स्वरूपात राहिलेले नसल्यामुळे त्याचे काय द्यावे हे ठरवता येत नाही.

ऐंशीच्या दशकात त्यांनी बॉडीवरचा सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) रंग पूर्ण उतरवून लाकूड नैसर्गिक रंगात ठेवले, नेककडील, म्हणजे मानेकडील, पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागाची) खाच वाढवून तेथे फेंडरच्याच प्रिसिजन बासचा दोन तुकड्यांचा पिकअप बसवला, मागच्या बाजूला नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी कप्पा कोरून आत प्रीॲम्प (आवाज वाढवणारे विद्युत मंडल) घातला आणि मूळ ब्रिज (तारा बॉडीवर जेथे टेकतात तो धातूचा भाग) काढून लिओ क्वान कंपनीचा बॅडॲस ब्रिज लावला. मूळ ब्रिज, बदललेले मूळ ट्यूनर (तारा पिळण्याच्या खुंट्या) आणि ब्रिज व पिकअपवरची क्रोमची दोन्ही झाकणे त्यांनी पेटीत जपून ठेवली आहेत. मागणी ३,४०० डॉलरची आहे. त्याच वर्षाच्या, हात न लागलेल्या बासला एका दुकानाने ५,५०० डॉलर लावले आहेत आणि शिवाय या कामांवर आपला बराच खर्च झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढेमागे पुण्याला परतण्याचा विचार असल्याने वाद्य सोबत नेताना काही अडचण येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

सैल_तार

पहिली गोष्ट म्हणजे दुकानाने लावलेली किंमत आधाराला घेऊ नका. जुन्या वाद्यांच्या बाजारात चिठ्ठीवरचा आकडा आणि सौदा होतो तो आकडा यांत बरेच अंतर असते. वाद्यविक्रीच्या संकेतस्थळांवर झालेल्या व्यवहारांच्या किमती पाहता येतात, त्यांतून १९७१ ते १९७३ मधील चार-पाच बदल न केलेले बास निवडा आणि त्यांची सरासरी धरा.

त्यानंतर एकेका बदलाकडे पाहताना एवढेच विचारा की तो मागे फिरवता येतो का. बॅडॲस ब्रिज फेंडरच्याच पाच स्क्रूंच्या छिद्रांवर बसतो, त्यामुळे मूळ ब्रिज हाताशी असेल तर त्यापायी किंमत कमी करण्याचे कारण नाही. नवे ट्यूनर लावताना हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) मागे पडलेली बारीक छिद्रे किरकोळ समजावीत. रंगाचे मात्र तसे नाही. १९६८ नंतर फेंडर जाड पॉलिएस्टरचा थर देत असे. तो एकदा उतरवला की कितीही कुशल कारागिराने पुन्हा सनबर्स्ट मारला तरी ते वाद्य रंग बदललेलेच राहते, आणि अशा वाद्याला मूळच्या निम्मी किंमत हा येथील व्यापाऱ्यांचा जुना हिशेब आहे. त्यावर बॉडीत कोरलेल्या खाचा किंमत आणखी खाली नेतात. नेककडील वाढवलेली खाच काही अंशी पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली) तरी जाते, मागचा बॅटरीचा कप्पा कशानेच झाकत नाही.

विक्रेत्यांनी केलेला खर्च त्यांनी स्वतःच्या वाजवण्यासाठी केला होता. तो तुमच्याकडून वसूल व्हावा अशी अपेक्षा समजण्यासारखी असली तरी बाजार ती मान्य करत नाही.

आणि एक विचारायचे राहिले. पेटीतल्या वस्तूंच्या यादीत नेककडचा मूळ पिकअप दिसत नाही. तो कोठे आहे?

टाचेवरचा_शिक्का

किमतीची चर्चा करण्यापूर्वी हा बास खरोखर १९७२ चा आहे का, हे पाहावे. अनुक्रमांकावर विसंबू नये. त्या काळी तो नेकच्या मागील चार स्क्रूंच्या धातूच्या पट्टीवर असे, पट्ट्या कारखान्यात क्रमाने वापरल्या जात नसत आणि पट्टी बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

नेक सोडवून घ्यावी. विक्रेते कां-कूं करू लागले, तर या काळातील जॅझ बासचा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) टाचेकडूनच, म्हणजे नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकाकडूनच, फिरवावा लागतो आणि त्यासाठीही नेक सोडवावीच लागते, असे त्यांना नम्रपणे सांगावे. टाचेवर महिना, वर्ष आणि शेवटी इंग्रजी अक्षर असलेला शिक्का मिळाला तर उत्तम. जॅझ बासवर ते अक्षर बहुधा 'ए' असते, म्हणजे नटपाशी (हेडस्टॉकजवळच्या तारा टेकण्याच्या पट्टीपाशी) नेकची दीड इंच रुंदी. शिक्का पुसटही असू शकतो, तेवढ्यावरून संशय घेऊ नये.

मग कंट्रोल प्लेट (बटणांखालची धातूची पट्टी) उघडून पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालच्या भागांच्या, पाठीवरचे आकडे वाचावेत. १३७ ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा आणि ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. पुढचे दोन आकडे वर्षाचे व शेवटचे दोन आठवड्याचे, म्हणजे १३७७२१५ हा १९७२ च्या पंधराव्या आठवड्यातला झाला. पॉट वाद्यापेक्षा थोडे जुने असणे स्वाभाविक आहे, नवे असतील तर ते मागाहून बदललेले. प्रीॲम्प बसवताना मूळ पॉट निघालेच असतील, म्हणून तेही मागून घ्यावेत. ब्रिजकडील मूळ पिकअप मल्टिमीटरवर साधारण सात ते आठ किलोओहम दाखवील. फारच कमी दाखवल्यास पिकअपमधील तारेचे वेटोळे खराब असण्याची शक्यता धरावी.

रात्रपाळीचा_वादक

निम्म्या किमतीचा हिशेब मला सरसकट मान्य नाही. तो संग्राहकांचा आहे. प्रसिद्ध बासवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बासमध्ये न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडॉस्की या वाद्यकारागिराने प्रीॲम्प बसवला आणि त्या आवाजामागे धावणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. रश या रॉक वाद्यवृंदाच्या गेडी लीचा प्रसिद्ध बास याच वर्षाचा, १९७२ चा. मिशिगनमधील कॅलामझूच्या एका गहाणवटीच्या दुकानातून घेतलेल्या त्या बासवर पुढे बॅडॲस ब्रिजच चढला. बासवादक जाको पास्टोरियसने तर फ्रेट (बोटांच्या पाटीवरच्या धातूच्या पट्ट्या) नसलेल्या पाटीवर इपॉक्सी चढवले. ज्याला वाद्य भिंतीवर लावायचे नाही, त्याच्या दृष्टीने प्रिसिजनच्या पिकअपचा भरदार खर्ज आणि जॅझच्या पिकअपचा टोकदार आवाज एकाच बासमध्ये मिळणे हा लाभ आहे, आणि जुन्या लाकडाचा असा बास नव्याने बनवून घ्यायला गेलात तर तो काही फुकट मिळणार नाही.

सैल_तार

आपण म्हणता त्या तिन्ही वाद्यांना मोल आले ते मालकांमुळे. खाच पाडणारा कारागीर नामवंत असेल आणि त्याची पावती जपलेली असेल, तर थोडे अधिक द्यायला माझी हरकत नाही. परंतु उद्या हाच बास विकायला काढला की समोरचा गिऱ्हाईक पुन्हा निम्म्यापासूनच बोलू लागेल, आणि ते आजच्या खरेदीत धरलेले बरे.

शिसवी_पाटी

प्रवासाबद्दल थोडे. १९७२ च्या जॅझ बासची पाटी काळ्या लाकडाची असेल तर ते बहुधा भारतीय रोजवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव. शिसव ज्यात मोडतो त्या डालबर्जिया प्रजातीतील बाकीच्या सर्व जाती २०१७ च्या आरंभी सायटिस कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंधने घालणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आल्या तेव्हा वादकांची मोठी तारांबळ उडाली होती, परंतु नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात असून त्याला ही सूट नाही. ते साठच्या दशकाच्या पूर्वार्धातील फेंडरवर आढळते. तेव्हा पाटी मूळचीच आहे, की कोणी जुन्या नेकवरची बसवली, एवढी खात्री करा. मेपलची असेल तर हा प्रश्नच नाही. सीमाशुल्काची चौकशी निघण्यापूर्वी स्वतंत्रपणे करावी.

खर्ज_आणि_ठेका

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्यांना विचारले असता नेककडचा मूळ पिकअप त्यांनी तेव्हाच एका मित्राला दिल्याचे कळले. मूळ पॉट मात्र वायरींसकट एका डब्यात आहेत आणि त्यांवरचे आकडे १९७२ चेच आहेत. पाटी शिसवाची आहे. नेक सोडवून दाखवायला ते तयार आहेत, मात्र ते काम एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात व्हावे अशी त्यांची अट आहे. झालेल्या व्यवहारांची सरासरी काढली तर ती ४,६०० डॉलरच्या आसपास येते.

सैल_तार

दुकानाची अट योग्य आहे. तपासणीची मजुरी तुम्ही द्या. ४,६०० चे निम्मे २,३००. त्या काळचा एक सुटा मूळ पिकअप घ्यायचा तर काहीशे डॉलर सहज जातात, आणि कोरलेल्या खाचांची घटही धरायला हवी. पॉट व ब्रिज मिळत आहेत, ही जमेची बाजू. मी १,९०० पासून बोलणी सुरू करीन आणि नेक सरळ व ट्रस रॉड दोन्हीकडे फिरणारा निघाला तर २,२०० पर्यंत जाईन. पैसे देण्यापूर्वी पेटीतील प्रत्येक सुट्या भागाची यादी आणि खाचांची छायाचित्रे विक्रीच्या पावतीला जोडून घ्या. पुढे विकताना ग्राहक सर्वांत आधी तीच मागतो.