फ्रान्सची राजेशाही कशाने बुडाली: बेबंद सत्तेने, की सत्तेच्या तुटवड्याने?

चौकस (धागाकर्ता)

लुई १४ वा म्हणाला, "मीच राज्य", त्याचे वारस मनाला येईल तसं वागले, रयत गांजली आणि क्रांतीचं १७८९ उजाडलं. आपल्या मनात ठसलेली कथा साधारण अशी. ते वाक्य लुईने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. माझं म्हणणं आहे की कथाही उलटी आहे. फ्रान्सचा राजा कागदावर अनिर्बंध होता, पण प्रत्यक्षात त्याला साधा कर सगळ्यांवर सारखा बसवता येत नव्हता. राजेशाही बुडाली ती या दुबळेपणामुळे.

मिठाचंच बघा. 'गाबेल' हा मिठावरचा कर. उत्तर आणि मध्य फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे साडेतीन किलो मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे. हे सक्तीचं मीठ फक्त रांधायला आणि पानात वाढायला. डुकराचं मांस खारवायचं तर वेगळं मीठ विकत घ्या, नाहीतर दंड. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला मात्र माफी, कारण तो राज्यात सामील झाला तो आपल्या जुन्या सवलती राखून. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे मिठाच्या भावात वीसपट किंवा जास्तच फरक. साहजिकच चोरटा व्यापार फोफावला, कुत्र्यांच्या पाठीवर बांधूनसुद्धा मीठ जाई. वसुली इजाऱ्याने: इजारदारांची कंपनी सहा वर्षांचा मक्ता घेई आणि राजाला रक्कम आधी देई. म्हणजे आपल्याच कराचं उत्पन्न राजा उसनं घेत होता.

हे बदलायचं तर फर्मान हवं, आणि फर्मान पार्लमाँत नोंदवून घ्यायला हवं. पार्लमाँ म्हणजे इंग्लंडसारखी संसद नव्हे. ती वरिष्ठ न्यायालयं, १७८९ मध्ये देशभरात तेरा. तिथल्या न्यायाधीशांनी पदं विकत घेतलेली. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की पद मुलाकडे जाई. थेट वतनच. वतनदाराला राजा काढणार कसा? पैसे परत करावे लागतील, आणि तेच तर नव्हते.

१७७१ मध्ये मोपू या चान्सेलरने, म्हणजे न्यायखात्याच्या प्रमुखाने, ही कोंडी फोडली. जानेवारीत मध्यरात्री बंदूकधारी शिपाई एकेका न्यायाधीशाच्या दारात गेले: कामावर परतणार का, 'हो' की 'नाही', लिहून द्या. नकार देणारे हद्दपार झाले. नवी न्यायालयं आली, त्यांत पदं विकली जात नव्हती आणि न्यायाधीश पक्षकारांकडून दक्षिणा घेत नव्हते. तीन वर्षं हे चाललं. १७७४ मध्ये वीस वर्षांच्या लुई १६ व्याने लोकप्रियतेसाठी जुनी पार्लमाँ परत बसवली. माझ्या मते राजेशाही तिथे हरली. १७८९ ही नुसती वसुली.

दप्तरदार

चौकस, गाबेलचं वर्णन चोख आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ती वतनं विकली कोणी? राजानेच. प्रांतांच्या सवलती पैसे घेऊन पुन्हा पुन्हा कायम कोणी केल्या? राजानेच. जो दुबळेपणा तुम्ही बाहेरून आलेला दाखवता, तो याच पद्धतीच्या पोटातला आहे. ज्याला कोणी हिशेब विचारू शकत नाही, त्याला कोणी स्वस्तात कर्जही देत नाही.

१७८८ चा अंदाज घ्या. खर्च सुमारे ६२.९ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), उत्पन्न सुमारे ५०.३ कोटी, आणि खर्चातला निम्मा, ३१.८ कोटी, फक्त कर्जाचं व्याज आणि हप्ते फेडण्यावर. ब्रिटनचंही त्या दशकात निम्म्याहून अधिक उत्पन्न व्याजात जात होतं, तरी ब्रिटन बुडालं नाही. फरक दरात होता आणि विश्वासात. लंडनमध्ये कर्जाच्या मागे संसदेने मंजूर केलेला ठराविक कर उभा असे. पॅरिसमध्ये राजाचा शब्द. १७७० मध्ये तेरे या अर्थमंत्र्याने व्याज परस्पर कापून त्या शब्दाची किंमत दाखवून दिली. तुम्ही ज्यांना तारणहार ठरवता त्या मोपूच्याच मंत्रिमंडळातला हा माणूस.

त्यामुळे पुढे सावकारांना ओढायला आजीवन वर्षासनं विकावी लागली. तीही वय न पाहता, दहा टक्क्यांच्या आसपास. जिनीव्हाच्या सावकारांनी हिशेब चोख मांडला: देवी येऊन गेलेल्या, ठणठणीत अशा तीस मुली निवडायच्या, त्यांच्या नावाने वर्षासनं घ्यायची आणि त्या जगतील तोवर फ्रान्सच्या तिजोरीतून पैसे उचलायचे. साठीच्या माणसाला द्यायचा दर सात वर्षांच्या मुलीला दिला, तर तिजोरीचं काय होणार?

आणि गुप्तता. १७८१ मध्ये अर्थखातं पाहणाऱ्या नेकरने पहिल्यांदा राज्याचा जमाखर्च छापला. त्यात एक कोटी लिव्रची शिल्लक. अमेरिकेच्या युद्धाचा खर्च 'असाधारण' म्हणून बाहेरच ठेवलेला! सहा वर्षांनी, २२ फेब्रुवारी १७८७ ला, तेव्हाचा अर्थमंत्री कालोन याने १४४ मान्यवरांची सभा भरवली आणि दहा कोटींहून मोठी तूट सांगितली. मान्यवर म्हणाले, आधी हिशेब दाखवा, मागच्या खेपेला तर शिल्लक होती. कालोनने सुचवलेला जमीन-कर चांगला होता, सर्व जमिनींवर, उमराव आणि चर्चसकट. एप्रिलमध्ये त्यालाच काढलं. तिथे सत्ता कमी पडली नाही, खरेपणा कमी पडला.

उत्तरवारा

दोघांच्या वादात डेन्मार्क आणायला हवं. युरोपात अनिर्बंध राजसत्तेची लेखी घटना तिथे होती: १६६५ चा राजकायदा, चाळीस कलमांचा. राजाने लूथरपंथ पाळावा, राज्य विभागू नये आणि हा कायदा बदलू नये. बाकी सगळं त्याच्या मर्जीवर. तिथे वतनदारांची न्यायालयं आडवी आली नाहीत, आणि निकाल दिसतो. १६८१ ते ८३ मध्ये देशभर जमीन मोजली, माती जोखली, आणि १६८८ च्या नोंदवहीत प्रत्येक शेताची आकारणी राय-जवाच्या पिंपांत, म्हणजे धान्याच्या मापात, लिहिली. कर त्या आकड्यावर. फ्रान्समध्ये अशी देशभरची मोजणी नेपोलियनच्या काळात, १८०७ च्या कायद्याने सुरू झाली. २० जून १७८८ ला, म्हणजे पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडण्याच्या आधी वर्षभर, कोपनहेगनच्या सरकारने कुळांना गावाशी बांधणारा कायदा रद्द करायला घेतला. शेवटही शांत झाला. २१ मार्च १८४८ ला हजारो लोक नवं मंत्रिमंडळ मागत राजवाड्यावर चालून गेले. राजा फ्रेडरिक ७ वा म्हणाला, जुनं मंत्रिमंडळ आधीच गेलंय. ५ जून १८४९ ला त्याने घटनेवर सही केली.

म्हणून चौकस यांच्याशी बराच सहमत. सत्ता पुरेशी असेल तर सुधारणा वरून होते.

कुळकायदा

उत्तरवारा, डेन्मार्कचं चित्र जरा जास्तच स्वच्छ झालं. ज्या बंधनातून १७८८ मध्ये कुळं सोडवली, ते बंधन १७३३ मध्ये त्याच अनिर्बंध राजसत्तेने घातलं होतं. १४ ते ३६ वयाच्या पुरुषाने जन्मगावची जमीनदारी सोडायची नाही. पुढे ते ४ ते ४० झालं. चार वर्षांचं पोर! जमीनदारांना मजूर हवे होते आणि राजाला शिपाई, म्हणून. मोठ्या वाड्यांची खासगत जमीन करमुक्त राहिली, ती सवलत घटना आल्यावरच गेली.

वरून होणारी सुधारणा कुणाच्या हाती पडते तेही पाहा. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन ७ वा मनोरुग्ण, म्हणून १७७० पासून त्याचा वैद्य स्ट्रून्से राज्य चालवू लागला. सोळा महिन्यांत हजाराहून जास्त हुकूम. छापखान्यांवरची पूर्वतपासणी उठवली, छळ करून कबुली घेणं बंद केलं. मला त्यातले कित्येक हुकूम मनापासून आवडतात. पण त्यांच्यामागे राजाच्या सहीशिवाय कोणी उभं नव्हतं. जानेवारी १७७२ मध्ये दरबाराने त्याला पकडलं, एप्रिलमध्ये शिरच्छेद केला, आणि बहुतेक हुकूम पुसले गेले.

आणि १८४८ शांत होतं ते कोपनहेगनमध्ये. डॅनिश राजाच्याच श्लेस्विग प्रांतात त्याच वसंतात युद्ध पेटलं, ते १८५१ पर्यंत चाललं.

चौकस

दप्तरदार, तेरेचा मुद्दा मान्य. मोपूच्या बाजूने लिहिताना मी तो गाळला, ती चूक झाली. पण विश्वासाचा सगळा भार संमतीवर टाकू नका. १७८७-८८ मध्ये पार्लमाँ 'राष्ट्राची संमती हवी' म्हणत होती, लोक तिच्या नावाने जयजयकार करत होते, ग्रनोब्लमध्ये ७ जून १७८८ ला छपरांवरून सैनिकांवर कौलं फेकली गेली. राजाने चर्च, उमराव आणि बाकीची प्रजा (तिसरा वर्ग) अशा तीन वर्गांची सभा बोलवायचं कबूल केलं, आणि २५ सप्टेंबरला पॅरिसच्या पार्लमाँने निवाडा दिला: सभा १६१४ च्या रीतीने भरावी. म्हणजे तिन्ही वर्ग वेगळे बसणार, प्रत्येकाचं एक मत, उमराव आणि चर्च मिळून दोन. त्या दिवसापासून जयजयकार थांबला. ज्यांना तुम्ही सत्तेवरचा अंकुश म्हणाल, ते स्वतःची सवलत राखत होते.

दप्तरदार

ते खरंच आहे, आणि पार्लमाँची बाजू मी घेतलेलीच नाही. मी १७ जून १७८९ कडे बोट दाखवतो. तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं, त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. जुने कर संमतीवाचून बसवलेले, म्हणून बेकायदा, पण सभा बसली आहे तोवर भरत राहा. आणि राज्याचे धनको यापुढे राष्ट्राच्या संरक्षणाखाली. आजवर राजाला देता न आलेली हमी त्यांनी पहिल्याच दिवशी दिली.

चौकस

हमी दिली, कर मात्र कोणी भरले नाहीत. गाबेलच्या चौक्या लोकांनी जाळल्या, नवा जमीन-कर १७९१ मध्ये लागू होईपर्यंत तिजोरी रिकामी, म्हणून नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता घेतली आणि तिच्या जोरावर असिन्या नोटा छापल्या. ३० सप्टेंबर १७९७ ला प्रजासत्ताकाने आपल्या कर्जाचा दोन-तृतीयांश भाग बुडवला. तेरेने कापलं त्याहून कितीतरी जास्त, आणि हे निवडून आलेल्या सभांनी. राष्ट्राच्या संरक्षणाखालचे ते धनको तेव्हा हातात कागद घेऊन उभे होते, त्यांचं काय, हे मला तुमच्याकडून हवंय.