पाल म्हणजे दूध, नाय म्हणजे कुत्रं: एवढ्याशा शब्दांचे तुमचे घोटाळे सांगा

विट्याचा_सोनगडी:
काल संध्याकाळी स्वयंपाकघरात ट्यूबलाइटच्या मागं पाल निघाली. लेक किंचाळली, मी झाडू शोधतोय, आणि आई खुर्चीत बसून पदर तोंडाला लावून हसतीय. विचारलं तर म्हणाली, "सेलमचा दूधवाला आठवला रे."

आमचे वडील गलाईवाले. 1983 ला लग्न झालं आणि पंधरा दिवसांत आई सेलमला. तोवर तिनं सांगलीसुद्धा दोनदाच बघितलेली. पहिल्याच सकाळी वडील दुकानात गेलेले, दारात सायकलची घंटी वाजली, आणि एक माणूस विचारतोय, "पाल? पाल वेणुमा?" आईनं आधी छताकडं बघितलं. मग चौकटीवर. मग "नाय! नाय!" म्हणून ओरडली. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, आणि नाय म्हणजे कुत्रं. त्या बिचाऱ्यानं मागं वळून बघितलं, कुत्रं काही दिसंना, तरी सायकल टाकून घरात शिरायला लागला. आईनं तोंडावर दार लावलं, वर कडी घातली. दुपारी वडील जेवायला आले तर चहाला दूध नाही आणि बायको पलंगावर पाय वर घेऊन बसलेली.

घरमालकीण बाईंना ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. तेवढा एक शब्द दोन्हीकडं सारखा निघाला, त्याच्यावर सहा महिने काढले म्हणते.

आपल्याकडची माणसं कुठं कुठं पोटासाठी गेलीत. असले किस्से घरोघरी असणार. टाका.

कृष्णाकाठची:
हाहाहा. आईंना नमस्कार सांगा. दूधवाला परत आला का?

विट्याचा_सोनगडी:
आला की. पुढची अकरा वर्षं तोच दूध घालत होता.

जतचे_मास्तर:
आमच्याकडं हे रोजचं. जत तालुक्यात निम्मी गावं कन्नड बोलतात. कन्नडमध्ये दूध म्हणजे हालु. पहिलीतलं पोर बाईंसमोर "हालु, हालु" करत रडायला लागलं की नवीन बदलून आलेल्या बाईंना वाटायचं, घरी पोराचे फार हाल चाललेत. एका बाईंनी तर आईबापाला बोलावून घेतलं होतं.

आता थोडं मास्तरकी. हालु आणि पाल हा एकच शब्द. तमिळमध्ये जिथं प, तिथं कन्नडमध्ये पुष्कळदा ह येतो, जुन्या कन्नडमध्ये तोही प च होता. तमिळ पत्तु म्हणजे दहा, कन्नड हत्तु. आणि खरी मजा पुढं आहे. भिंतीवरच्या पालीला तमिळमध्ये म्हणतात पल्लि, कन्नडमध्ये हल्लि, संस्कृतमध्येही पल्लीच. म्हणजे आईंनी घाबरून नाय नाय ऐवजी पल्ली पल्ली केलं असतं, तर दूधवाल्यानंही छताकडंच बघितलं असतं.

प्रीतीसंगम:
गलाई म्हणजे भांड्याला कल्हई का?

विट्याचा_सोनगडी:
नाही हो, कल्हई वेगळी. जुनं सोनं चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. खानापूर आटपाडीकडं पाऊस दगा देणार, शेतात कुसळं, म्हणून माणसं बाहेर पडली. कुठल्याही लांबच्या शहरात सराफकट्ट्यावर मराठीत शिवी ऐकू आली की समजायचं, आपल्याकडचा आहे.

मिरज_जंक्शन:
माझ्या मावसबहिणीचं सासर अथणीकडं. लग्नात पंगत बसली, आमचे थोरले मामा पहिल्या ताटावर. पापड मोडतायत तेवढ्यात व्याही हात जोडून आले, "ऊटा माडि, ऊटा माडि." मामा उठले. इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यात जिना दिसला, गेले वर माडीवर. तिथं बायका साड्या नेसत होत्या.

ऊटा माडि म्हणजे जेवा. मामा आज ऐंशीचे आहेत, त्यांना अजून कोणी सरळ जेवा म्हणत नाही.

कृष्णाकाठची:
भाजी फोडणीला टाकून वाचतीय, करपली बहुतेक. माडी!!

फौजीची_लेक:
आम्ही साताऱ्याचे, वडील फौजेत. जालंधरला क्वार्टरमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. आईचं दिवसभर चालू, अहो पाणी गेलं, अहो ऐकलं का, अहो भाजी आणा. शेजारच्या पंजाबी आंटींनी महिनाभर ऐकलं आणि एकदा आईला बाजूला घेऊन विचारलं, तू नवऱ्याला कधीच नाही म्हणत नाहीस का गं? पंजाबीत आहो म्हणजे हो. त्यांना वाटायचं, नवऱ्यानं तोंड उघडायच्या आधीच ही हो हो करतीय. आंटींचे मिस्टर तिकडं आईचं उदाहरण देऊन बायकोशी भांडायचे.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. आई अजून कधीकधी हॉलमधून अहो म्हणून हाक मारते आणि मग गप्प होते.

जतचे_मास्तर:
ताई, काय बोलणार. आईंची काळजी घ्या.

निवृत्त_कंडक्टर:
आमचा सगळा जन्म एका शब्दात गेला. बस म्हणजे खाली बस. बस म्हणजे पुरे, फारसीतला. आणि बस म्हणजे गाडी, ती लॅटिन ऑम्निबसची शेपटी, अर्थ सर्वांसाठी. हे मुलीनं सांगितलं, ती शिकलीय. तीस वर्षं तिकिटं फाडली, रोज पन्नासच्या गाडीत ऐंशी कोंबले, तर नाव बरोबरच ठेवलं म्हणायचं. पण आमच्या खेड्यात गाडीला बस कोण म्हणतंय? यष्टी! पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हापासून यष्टीच.

प्रीतीसंगम:
काका, यष्टी म्हणजे संस्कृतात काठी. म्हणून अंगयष्टी. म्हणून क्रिकेटात यष्टीरक्षक.

निवृत्त_कंडक्टर:
मग यष्टीरक्षक म्हणजे आमचे डेपो मॅनेजर की. ते पण कधी काही पकडायचे नाहीत.

हळदीचा_वास:
सांगलीत इंजिनिअरिंगला असताना रूम पार्टनर कर्नाटकातला, मराठी मोडकंतोडकं. एक दिवस बॅग भरताना म्हणाला, "घरी जातो. तंगी आलीय." मला वाईट वाटलं. महिनाअखेर, माझ्याकडंच दीडशे रुपये, त्यातले शंभर त्याच्या खिशात कोंबले. तो रडायचाच बाकी. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती सासरहून माहेरी आलेली. पठ्ठ्यानं माझ्या पैशाच्या बांगड्या नेल्या तिला. मग माझ्याकडं खरी तंगी आली, आपली, फारसीवाली.

पैसे अजून आले नाहीत. बहिणीची राखी मात्र येते.

वाईकर_घाटावरचा:
बंगलोरला कोणी विचारलं वेअर आर यू फ्रॉम, की मी म्हणतो वाई, की समोरचा म्हणतो असंच विचारलं, सॉरी. संपला किस्सा. हा विनोद नसून आमचं आयुष्य आहे.

पोतंभर_शेंगा:
माझा पुतण्या पोलंडला शिकतो. तिथं ताक म्हणजे हो. यावरून आजोबांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 48, पाचेक हजार माणसं, बायकापोरंच जास्त. आजोबा तिकडं अंडी विकायला जायचे. अंडी हवीत का म्हटलं की बायका म्हणायच्या ताक, ताक. आजोबा दुसऱ्या दिवशी ताकाचा डेरा घेऊन गेले. त्या परत म्हणाल्या ताक. आजोबांनी ओतलं.

मिरज_जंक्शन:
जरा जास्तच जुळून आलंय हो. आजोबांनी मीठ लावलेलं दिसतंय.

पोतंभर_शेंगा:
ताकाला मीठ लागतंयच की.

तारळीकाठ:
पाल म्हटल्यावर आम्ही गप्प कसं बसणार. आमच्या कराड तालुक्यातली खंडोबाची पाल! पौषात देवाचं लग्न लागतं, नदी भंडाऱ्यानं पिवळी. नात पुण्यात शाळेत जाऊन सांगते "आज्जी पालीत राहते." बाईंनी वहीत लिहून पाठवलं, वाक्य दुरुस्त करा.

कृष्णाकाठची:
यंदा यात्रा कधी आहे? आम्हाला यायचंय, राहायची सोय होते का?

तारळीकाठ:
या की, घरच आहे. मेसेज करते.

विट्याचा_सोनगडी:
आईला सगळं वाचून दाखवलं. माडीवाले मामा तिनं दोनदा ऐकले. अहोचं ऐकून मात्र उठून आत गेली, थोड्या वेळानं आली. पाल अजून ट्यूबलाइटमागंच आहे. लेक आता किंचाळत नाही, "आज्जी, दूध आलं" म्हणते.

प्रीतीसंगम:
अंड्याची टरफलं ठेवा तिथं. जाते म्हणतात. आमच्याकडं गेली नाही, पण ठेवा.