लिव्हर अडकलेले जुने एबोनाइट पेन: किती दुरुस्त करावे, किती तसेच ठेवावे?

प्रश्न

जुन्या पेनांच्या एका गठ्ठ्यात मला काळ्या एबोनाइटचे एक लिव्हर फिलर पेन, म्हणजे बाजूचा लिव्हर उचलून आतल्या रबरी पिशवीत शाई भरण्याचे पेन, मिळाले आहे. टोपणाखाली झाकला जाणारा भाग अजून काळाभोर आहे, पण उरलेली नळी तपकिरी झाली आहे. तिच्यावर बारीक नागमोडी नक्षी असून कंपनीचे नाव तिरप्या उजेडात धरले तरच वाचता येते. निब १४ कॅरटची आहे आणि तिचे टोक शाबूत दिसते. लिव्हर नखाने उचलून पाहिला तर तसूभरही हलत नाही आणि पेन कानाशी धरून हलवल्यास आत काहीतरी खुळखुळते. गरम पाण्यात भिजवून पुढचा भाग मोकळा करावा आणि नंतर नळी घासून मूळ काळा रंग परत आणावा, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर १

पाण्यात मुळीच भिजवू नका. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक मिसळून कडक केलेले रबर. उजेड, हवा आणि ओलावा यांमुळे त्याचा पृष्ठभाग तपकिरी पडतो, आणि आधीच उजेड खाल्लेली नळी गरम पाण्यात टाकली की उरलासुरला काळेपणाही जातो. आत खुळखुळणारे तुकडे बहुधा वाळून ठिसूळ झालेल्या रबरी पिशवीचे असावेत. तिचाच कडक झालेला भाग लिव्हरखाली अडकला असेल, म्हणून पेन उघडण्यापूर्वी लिव्हरवर जोर लावू नका. लिव्हर वाकतो किंवा त्याच्या खाचेपासून नळी तडकते, आणि ती तड सांधणे फार अवघड असते.

नळीचे तोंड हेअर ड्रायरने, पेन सतत फिरवत, बोटांना सोसेल इतकेच गरम करा. मग रबराच्या तुकड्याने निब बसवलेला, लिहिताना बोटांत धरण्याचा भाग, म्हणजे सेक्शन, धरून अगदी हलके डावी-उजवीकडे फिरवत ओढा. अशा पेनांत सेक्शन बहुधा नुसते घट्ट बसवलेले असते, परंतु काहींना आटे असतात. त्यामुळे ते कसे हलते याचा अंदाज घेतल्याशिवाय सरळ खेचू नये. हलले नाही तर पुन्हा उष्णता द्या, जोर वाढवू नका.

उत्तर २

वरील पद्धत एबोनाइटसाठी ठीक आहे, पण ती प्रत्येक पेनाला लावू नका. शेफरने १९२४ पासून सेल्युलॉइड या प्लास्टिकची पेने आणली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. ते नायट्रोसेल्युलोज असल्याने जास्त उष्णतेने मऊ पडते आणि सहज पेट घेते. याउलट पार्कर ५१ च्या १९४८ नंतरच्या एरोमेट्रिक (पिशवी बोटांनी दाबून शाई भरण्याच्या) पेनांतील पिशवी लॅटेक्सची नसते आणि बहुधा आजही चालते, त्यामुळे तिथे नुसते स्वच्छ पाणी भरून काढणे पुरते.

तुमच्या पेनासाठी नळीत सैल सरकेल अशा मापाची लॅटेक्सची पिशवी घ्या. सेक्शनच्या मागच्या तोटीवरील जुन्या पिशवीचे अवशेष पूर्ण खरवडून काढा, नवी पिशवी शेलॅकने, म्हणजे लाखेच्या द्रावणाने, चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. इथे झटपट चिकटणारा गोंद वापरणारे लोक पाहिले की वाईट वाटते, कारण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी पिशवीसोबत तोटीही तुटते. बाहेरून शंखजिऱ्याची पूड लावा. सिलिकॉन ग्रीस लॅटेक्सला लावू नये. पेन बंद करण्यापूर्वी आतील दाबपट्टी, म्हणजे लिव्हर उचलला की पिशवी दाबणारी पट्टी, गंजली आहे का, तेही पाहा.

उत्तर ३

रंगाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घासू नका. तपकिरी थर घासून काढता येतो, हे खरे. पण त्यासोबत नक्षीच्या कडा आणि आधीच पुसट झालेले नावही जाते, आणि ते परत येत नाही. काळा करणारे द्रावण लावण्याचा पर्याय आहे, मात्र ते लावल्याचे पुढच्या घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. मी मऊ कोरड्या कापडाने पुसून थांबलो असतो.

मूळ प्रश्नकर्ता

सेक्शन तिसऱ्यांदा उष्णता दिल्यावर निघाले. पिशवीचा खापरासारखा कडक तुकडा लिव्हरखालीच रुतला होता. तो काढताच लिव्हर मोकळा झाला. दाबपट्टीवर गंज वरवरचाच आहे. रंग तसाच ठेवतो. निब आणि तिच्याखालची, शाई पोहोचवणारी जीभ वेगळी करून धुवावी का?

उत्तर १

निब सरळ असेल तर नको. सेक्शन उलटे धरून थंड पाण्यात फक्त निबेचा भाग थोडा वेळ बुडवा, कापडावर टिपा, आणि शाईचा रंग उतरेपर्यंत हेच करा. नवी पिशवी बसल्यावर पहिल्यांदा साधे पाणी भरून पाहा. गळती असेल तर ती शाईआधी कळेल.