प्रतिसाद: बाल्टिकला नापास का केलं?

एकाने विचारलंय की डीडीटी या कीटकनाशकावरच्या बंदीनंतर उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठचे पांढऱ्या शेपटीचे गरुड सावरले, मग त्या समुद्राच्या प्रकृतीच्या अहवालात एकूण चित्र वाईटच का? कारण तिथे सगळ्याची सरसकट सरासरी काढत नाहीत. पाण्यातल्या अतिपोषणाचं (खतांसारख्या पोषक द्रव्यांनी शेवाळ माजण्याचं) बघा: एक गट नायट्रोजन-फॉस्फरसचा, दुसरा शेवाळ आणि पाण्याच्या पारदर्शकतेचा, तिसरा तळाच्या प्राणवायूचा. गटाच्या आत सरासरी चालते, पण गटागटांत जो सगळ्यात वाईट, तोच निकाल. गणितात नापास झालात तर मराठीचे मार्क वाचवत नाहीत, तसंच.

पारदर्शकता मोजायची रीत मला फार आवडते. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. बस्स. आमच्या पैठणला नाथसागरावर शाळेची पोरंही हे करू शकतील. (पावसाळ्यात गढूळ पाण्यात हातभरावरच थाळी गडप होईल, ते वेगळं.)

'देशांनी खतं कमी केली तरी फरक पडेना' हा आक्षेप मात्र अर्धवट आहे. बाल्टिकचं पाणी बदलायला सुमारे ३० वर्षं लागतात, आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळात साठलेला जुना फॉस्फरस परत वर येतो. म्हणजे आज्याची उधारी नातू फेडतोय.

काठावर तेव्हा ७ देश (आज ९), तरी १९७४ साली हेलसिंकीत या समुद्राचं प्रदूषण रोखायचा करार झाला. आम्ही एकाच राज्यातले असून नाशिक-नगरशी भांडण होतं ते किती पाणी सोडलं यावर. कसलं सोडलं, हे कोण विचारतं?